‘कोडिंगशिवाय गेम बनवा’ या आश्वासनाविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत गेल्या पंधरवड्यात गेम डेव्हलपमेंटच्या अभ्यासक्रमांविषयी आलेला लेख आणि त्यावर वाचकांनी पाठवलेली दोन पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. एका पत्रलेखकाचे म्हणणे असे की, रंगीत ठोकळे जोडून गेम बनवणे हा लहान मुलांचा खेळ आहे आणि ज्याला खरोखर या क्षेत्रात यायचे आहे त्याने पहिल्या दिवसापासून कोड लिहायलाच बसावे. दुसऱ्या पत्राचा सूर नेमका उलटा होता. व्हिज्युअल स्क्रिप्टिंग आल्यामुळे कोड लिहिण्याची गरजच संपली आहे, तेव्हा मुलांना त्या कटकटीत पाडायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत संगणक शिकवते आणि गेली सहा वर्षे दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलामुलींकडून छोटे गेम बनवून घेते. या अनुभवावरून मला दोन्ही मते मुलांच्या हिताची वाटत नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. व्हिज्युअल स्क्रिप्टिंग हे प्रोग्रॅमिंगच आहे, ते प्रोग्रॅमिंग म्हणूनच शिकवले पाहिजे, आणि मुलाचा पहिला गेम पूर्ण होण्याच्या आत त्याच्या हाती लिखित कोडही आला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. उजवीकडचा बाण दाबला की पात्र उजवीकडे सरकावे, नाण्याला स्पर्श झाला की गुण वाढावा, अशा सूचना गेममध्ये संगणकाला द्याव्या लागतात. त्या सूचना इंग्रजी शब्द आणि चिन्हे वापरून ओळीओळीने टाइप केल्या की तो लिखित कोड झाला. त्याच सूचना पडद्यावरचे तयार ठोकळे एकमेकांत बसवून किंवा खोकी तारांनी जोडून दिल्या की ते झाले व्हिज्युअल स्क्रिप्टिंग. हा प्रकार काही काल-परवाचा नाही. मार्क ओव्हरमार्स यांनी 1999 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या गेममेकरमध्ये चिन्हे ओढून-सोडून गेम बनवता येत असे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलेले स्क्रॅच हे ठोकळ्यांचे साधन 2007 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. एपिक गेम्सने 2014 मध्ये अनरियल इंजिनाच्या (इंजिन म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर) चौथ्या आवृत्तीसोबत खोकी-तारांचे ब्लूप्रिंट आणले, आणि युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने 2020 मध्ये बोल्ट हे तसेच साधन विकत घेऊन पुढच्या वर्षी ते आपल्या इंजिनातच समाविष्ट केले. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूने 2017 मध्ये आणलेला ‘होलो नाइट’ हा जगभर गाजलेला गेम युनिटीत बनला आणि त्यात प्लेमेकर या व्हिज्युअल साधनाचा वापर झाला होता. तेव्हा ठोकळे आणि खोकी म्हणजे बालवाडी, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

माझी स्वतःची सुरुवात मात्र पहिल्या पत्रलेखकांच्या मतानेच झाली होती. शनिवारच्या वर्गाच्या पहिल्या वर्षी, मुलांना ‘खरे’ तेच शिकवायचे अशा उत्साहाने मी ज्या तीन संगणकांवर युनिटी कसेबसे चालत होते त्यांवर आठवीच्या मुलांना थेट सी-शार्प ही लिखित भाषा लिहायला बसवले. एका मुलाने पात्र हलवण्याच्या दहा-बारा ओळी फळ्यावरून बघून टाइप केल्या. प्रत्येक अक्षर कीबोर्डवर शोधत, महिरपी कंसासाठी शिफ्ट दाबायचे विसरत, अर्धविराम राहिला म्हणून पुन्हा मागे येत त्याला पाऊण तास लागला. गेम सुरू केला, पण पात्र हलेना. पडद्यावर लाल अक्षरांत काही चूक दिसावी तर तीही नाही. मी दुसऱ्या बाजूला तिघाजणांच्या चुका काढत होते, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचायला मला वेळ लागला. त्याने ‘अपडेट’ या शब्दातले पहिले अक्षर छोटे लिहिले होते. युनिटी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, ज्या फंक्शनला (नाव दिलेल्या सूचनांच्या गठ्ठ्याला) हाक मारते त्याचे पहिले अक्षर मोठेच लागते. छोट्या अक्षराचे ‘अपडेट’ हेही सी-शार्पच्या दृष्टीने एक वैध नावच असल्यामुळे त्याबद्दल कोणतीही तक्रार येत नाही, आणि त्या फंक्शनला कोणी हाकही मारत नाही. मी ते अक्षर बदलून दिले, पात्र हलले. पण मुलगा हसला नाही. त्या दुपारी तो काय शिकला असेल याचा मी नंतर अनेकदा विचार केला. पात्र का हलते हे तर तो शिकलाच नव्हता, कारण सगळा वेळ अक्षरांतच गेला होता. पुढच्या दोन शनिवारी तो आला नाही.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, घरी संगणक असलेल्या मुलाला हीच अडचण अर्ध्या तासाची असते. आमच्या मुलांना ती दुहेरी असते, कारण भाषा परकी आणि टायपिंगही नवे. प्रत्यक्षात लागणारे इंग्रजी शब्द वीस-पंचवीसच आहेत आणि ते पाठ होतात. तो काही मोठा डोंगर नाही. पण पहिल्या चार आठवड्यांत ते शब्द, त्यांचे स्पेलिंग, विरामचिन्हे, कंस, आणि त्यातच भर म्हणून ‘अट’ म्हणजे काय, ‘पुनरावृत्ती’ म्हणजे काय, ‘चल’ कशाला लागते हे सगळे एकाच वेळी मुलाच्या अंगावर सोडले, तर जे खरोखर समजायला हवे तेच मागे पडते. स्क्रॅचमध्ये चुकीचा ठोकळा चुकीच्या खाचेत बसतच नाही, त्यामुळे अर्धविरामाच्या चुकीला जागाच राहत नाही. ब्लूप्रिंटमध्ये तर गेम चालू असताना कोणत्या तारेतून आदेश पुढे जात आहे ते उजळून दिसते. नाण्याला स्पर्श झाला तरी गुण वाढत नसेल, तर आदेश अटीच्या खोक्यापर्यंत येतो आणि तिथून ‘खोटे’ या तारेने बाहेर पडतो, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघते. सी-शार्पच्या वर्गात हेच दाखवायला मला फळ्यावर बाण काढावे लागत होते.

या प्रश्नावर अभ्यासही झालेले आहेत. डेव्हिड वाइनट्रॉप आणि युरी विलेन्स्की यांनी अमेरिकेतील एका माध्यमिक शाळेत दोन वर्गांची तुलना केली. एका वर्गाने पाच आठवडे ठोकळ्यांनी प्रोग्रॅमिंग केले, दुसऱ्याने तेवढेच आठवडे लिहून. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ठोकळ्यांच्या वर्गाची समज अधिक वाढली आणि पुढे हा विषय घेण्याची ओढही त्या मुलांत अधिक दिसली. मात्र आपण करतो ते व्यावसायिक प्रोग्रॅमरच्या कामासारखे आहे, असे लिहून शिकणाऱ्या मुलांना अधिक वाटत होते. त्यानंतर दोन्ही वर्ग जावा ही लिखित भाषा शिकू लागले आणि दहा आठवड्यांनी पाहिले तर दोघांच्या गुणांतला फरक उरला नव्हता. हा शेवटचा भाग दोन्ही पत्रलेखकांनी सारख्याच काळजीने वाचावा असे मला वाटते. ठोकळ्यांनी सुरुवात केल्यामुळे मुलांचे नुकसान झाले नाही. आणि ठोकळ्यांनी मिळालेली आघाडी लिखित कोडात आपोआप उतरलीही नाही. एकातून दुसऱ्यात जाण्याचा पूल कोणीतरी बांधावा लागतो.

आता दुसऱ्या पत्राकडे येते. खोकी आणि तारा थोड्या असतात तोवर सुंदर दिसतात. गेम वाढू लागला की पडदा पुरत नाही, तारा एकमेकींवरून जाऊ लागतात, आणि महिन्याभराने स्वतः बनवलेलेच मुलाला वाचता येत नाही. माझ्या वर्गातल्या नववीच्या एका मुलीने स्क्रॅचमध्ये बोरे गोळा करण्याचा गेम केला होता. त्यात पाच माकडे होती आणि प्रत्येक माकडाला तिने ठोकळ्यांचा तोच मोठा गठ्ठा वेगवेगळा दिला होता. माकडांचा वेग कमी करायचा ठरल्यावर तिला पाच ठिकाणी बदल करावा लागला. त्यातले एक राहून गेले आणि ते माकड जुन्याच वेगाने पळत राहिले. यात मुलीचा दोष नव्हता. ठोकळ्यांचा गठ्ठा उचलून दुसरीकडे टाकणे इतके सोपे असते की एकच सूचना एकदाच लिहून तिला नाव द्यावे आणि पाचही ठिकाणांहून त्या नावाने हाक मारावी, ही गरज मुलाला जाणवतच नाही. ते शिकवावे लागते. स्क्रॅचमध्ये स्वतःचा ठोकळा बनवण्याची सोय आहे, ब्लूप्रिंटमध्ये फंक्शन आहेत, पण ‘यात कोडिंग नाही’ असे सांगून ज्या वर्गात शिकवले जाते तिथे हे विषय निघतच नाहीत. लिखित कोडही अस्ताव्यस्त होऊ शकतोच, हे येथे सांगायला हवे. 2018 च्या ‘सेलेस्ट’ या अत्यंत नावाजलेल्या गेमच्या कर्त्यांनी त्यातल्या मुख्य पात्राचा कोड पुढे सर्वांसाठी खुला केला, तेव्हा ती एकच फाइल पाच हजारांहून अधिक ओळींची निघाली, आणि तरीही तो गेम हाताळायला अप्रतिम आहे. नीटनेटकेपणा ही सवय आहे. ती ठोकळ्यांतही लावता येते आणि ओळींतही.

काही गोष्टी मात्र लिहूनच सोप्या होतात. शत्रू आणि खेळाडू यांच्यातले अंतर काढायचे आहे असे समजा. दहावीच्या भूमितीत मुले पायथागोरसच्या प्रमेयाने हेच करतात: आडव्या अंतराचा वर्ग, उभ्या अंतराचा वर्ग, दोन्हींची बेरीज, तिचे वर्गमूळ. लिखित कोडात ही एक ओळ होते आणि वहीत लिहिलेल्या सूत्रासारखीच दिसते. तीच गोष्ट साध्या गणिती खोक्यांनी मांडायला गेलो तर दोन वजाबाक्या, दोन वर्ग, एक बेरीज आणि एक वर्गमूळ अशी सहा खोकी आणि त्यांना जोडणाऱ्या डझनभर तारा लागतात, आणि त्यातले सूत्र कुठल्या कुठे हरवते. याउलट ‘शत्रूला खेळाडू दिसला, तर पाठलाग कर, दिसेनासा झाला, तर तीन सेकंद थांब आणि जागेवर परत जा’ ही साखळी खोक्यांत इतकी स्पष्ट दिसते की दोन शनिवारांपूर्वी आलेले मूलही ती वाचून दाखवते.

गोडो या मुक्त इंजिनाची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. 2018 मधल्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी व्हिज्युअल स्क्रिप्ट आणली होती, आणि 2022 मध्ये ती पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. 2023 च्या चौथ्या आवृत्तीत ती नाही. वापरणारे फारच थोडे होते, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या खोक्यांत जवळजवळ लिखित कोडच तुकड्या-तुकड्याने मांडलेला होता, म्हणून त्यातून नवशिक्याचे काम हलके होत नव्हते, आणि गोडोची पायथॉन या प्रचलित लिखित भाषेसारखी दिसणारी जीडीस्क्रिप्ट ही भाषा मुळातच सोपी असल्यामुळे लोक तिच्याकडे वळत होते. एपिकने, म्हणजे ब्लूप्रिंट आणणाऱ्याच कंपनीने, 2023 मध्ये आपल्या फोर्टनाइट या लोकप्रिय गेमसाठी गेम बनवणाऱ्यांना व्हर्स ही नवी लिखित भाषा दिली. ब्लूप्रिंट अनरियलमध्ये आजही आहेच. या घडामोडींवरून कोणी जिंकले किंवा हरले असा निष्कर्ष मी काढत नाही. खोक्यांनी गेमची भाषा बोलली तर ती नवशिक्याला उपयोगी पडतात, आणि प्रत्येक अधिक-उण्या चिन्हाचे खोके झाले की ती ओझे होतात, एवढे मला त्यातून दिसते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप असा आहे की ‘खोकी की ओळी’ या वादात खरी अवघड गोष्ट नजरेआड होते. एक उदाहरण देते. गेम दर सेकंदाला अनेक वेळा चित्र नव्याने काढतो. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. नवशिक्या मुलाने ‘दर फ्रेमला पात्र 5 पावले पुढे सरकव’ अशी सूचना दिली, की शाळेतल्या जुन्या संगणकावर सेकंदाला 30 फ्रेम निघत असल्या तर पात्र सेकंदात 150 पावले जाते. तोच गेम मुलाने पेन ड्राइव्हमधून पुण्याच्या मामेभावाकडे नेला आणि त्याच्या लॅपटॉपवर सेकंदाला 60 फ्रेम निघाल्या, तर पात्र 300 पावले धावते आणि खेळता येत नाही. उपाय असा की ‘सेकंदाला 150’ असा वेग ठरवायचा आणि त्याला मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, म्हणजे डेल्टाने, गुणायचे. ही चूक माझ्या वर्गात जीडीस्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी केली आहे आणि ब्लूप्रिंटची खोकी जोडणाऱ्यांनीही तितक्याच वेळा केली आहे. ती समजायला सातवीचे वेग, वेळ, अंतर यांचे गणित पुरते, पण ते गणित इथे लागते हे उमगायला मुलाला स्वतः अडखळावे लागते. तसेच दुसरे. जी वस्तू गेममधून नाहीशी झाली आहे तिला सूचना देण्याची चूक युनिटीत एका नावाची लाल ओळ दाखवते आणि ब्लूप्रिंटमध्ये दुसऱ्या नावाची. चूक एकच असते. ज्या मुलाला ती खोक्यांत कळली त्याला ओळींत पुन्हा शिकवावी लागत नाही, फक्त दाखवून द्यावी लागते.

म्हणून गेली चार वर्षे मी पुढील रीत धरली आहे. पहिल्या शनिवारी संगणक सुरूच करत नाही. मुले वहीत मराठीत नियम लिहितात: ‘जर माकडाने मुलीला स्पर्श केला, तर एक बोर कमी होईल.’ दुसऱ्या शनिवारपासून हेच नियम ठोकळ्यांत मांडायचे. इंटरनेट चालू असेल तेव्हा आम्ही मायक्रोसॉफ्टचे मेककोड आर्केड वापरतो, कारण त्यात ठोकळ्यांनी बनवलेला गेम एका बटणाने लिखित कोडात बघता येतो. स्वतःच मांडलेल्या पाच ठोकळ्यांच्या पाच ओळी झालेल्या बघणे हा मुलांसाठी फार मोठा क्षण असतो; त्या ओळी वाचायला कोणी सांगावे लागत नाही, मूल आपणहून बोट ठेवून ‘हा जर, हा स्पर्श, हे उणे एक’ असे वाचत जाते. त्यानंतर त्या कोडात एकच आकडा बदलायचा आणि परत ठोकळ्यांकडे येऊन तो तिथेही बदलला का ते बघायचे. आठव्या शनिवारच्या सुमारास तोच गेम गोडोमध्ये, जीडीस्क्रिप्टमध्ये पुन्हा करायचा. गोडो विनाशुल्क आहे, अनरियलसारखे त्याला कित्येक जीबी उतरवून घ्यावे लागत नाहीत, आणि आमच्या जुन्या संगणकांवर ते चालते. गेम जुनाच असल्यामुळे काय घडवायचे हे मुलाला पक्के ठाऊक असते. नवी असते ती फक्त लिहिण्याची पद्धत. टायपिंगच्या चुका तेव्हाही होतातच, पण आता मुलाला आपण काय शोधत आहोत हे माहीत असते, आणि त्यामुळे हरवलेले अक्षर त्याला घाबरवत नाही.

एक लहानशी गोष्ट इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत देता येतात; ‘वेग’, ‘गुण’, ‘बोरे’ अशी नावे लिहिली तरी प्रोग्रॅम चालतो. जर, तर, पुनरावृत्ती यांचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात आणि आकडेही इंग्रजीच लिहावे लागतात, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलाने स्वतः नाव दिलेली वस्तू मराठीत दिसली की बाकीची ओळ त्याला परकी वाटत नाही. पुढे इतरांबरोबर काम करायचे तर नावे इंग्रजीत द्यावी लागतात, हेही मी त्याच वेळी सांगते.

‘कोडिंगशिवाय’ या शब्दामुळे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या शाळेतून बारा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका मुलाने शहरातल्या एका खासगी संस्थेत ‘कोडिंग न शिकता गेम डेव्हलपर’ अशी जाहिरात बघून प्रवेश घेतला. वडिलांनी गावच्या पतपेढीतून कर्ज काढून फी भरली. सहा महिन्यांत त्याने ब्लूप्रिंटमध्ये एक देखणा गेम बनवला, आणि तो त्यानेच बनवला होता, यात शंका नाही. पुढे पुण्यातल्या एका ठिकाणी मुलाखतीला गेला तेव्हा त्याच्यासमोर वीस ओळींचा छापील कोड ठेवून ‘हा चालवला तर काय होईल’ एवढेच विचारले गेले. त्याने आयुष्यात एकही ओळ वाचलेली नव्हती. त्या ओळींत असलेली अट, पुनरावृत्ती आणि फंक्शन तो रोज खोक्यांत वापरत होता, पण ते तेच आहे असे त्याला कोणी कधी दाखवले नव्हते. तो माझ्याकडे आला तेव्हा आपल्याला काहीच येत नाही, अशी त्याची समजूत झालेली होती. आम्ही त्याच्याच गेमचे एक-एक खोके घेऊन शेजारी त्याची ओळ लिहीत गेलो. तीन आठवड्यांत तो वाचू लागला. जे तीन आठवड्यांत होऊ शकत होते ते सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात का बसले नाही, याचे उत्तर मला जाहिरातीतल्या त्या एका शब्दात सापडते.

मुलाखत घेणाऱ्यांचा आग्रह अनाठायी नसतो. गेम एकट्याने क्वचितच बनतो. लिखित कोडात कोणी काल कोणती ओळ बदलली हे दोन फाइली शेजारी ठेवून दिसते आणि दोघांचे बदल एकत्र करता येतात. ब्लूप्रिंटची फाइल साध्या मजकुराची नसल्यामुळे दोघांनी एकाच वेळी तिच्यात बदल केले तर ते जुळवणे फार त्रासाचे होते, म्हणून अशा फाइलवर एका वेळी एकानेच काम करण्याची शिस्त चमूंना पाळावी लागते. तरीही अनरियलवर काम करणारे चमू दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी वापरतात; वेग लागतो ते आणि मूलभूत ते सी-प्लस-प्लस या लिखित भाषेत, आणि डिझायनरला रोज बदलून बघायचे असते ते ब्लूप्रिंटमध्ये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेम अनरियलवरच बनला. आपल्याच राज्यातली मुले अशा चमूंत जावीत असे वाटत असेल, तर त्यांना दोन्ही वाचता आले पाहिजे.

हा विषय आता काही हौशी वर्गांपुरता राहिलेला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगचा उल्लेख आहे, आणि ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग यांना 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून स्वतंत्र क्षेत्र म्हणून महत्त्व दिले जात आहे. मुंबईत 2025 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्थाही सुरू झाली. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की सहावी-सातवीत ठोकळे आणि मग अकरावीत एकदम लिखित भाषा, अशी मधली तीन वर्षे रिकामी ठेवणारी रचना करू नये. ठोकळ्यांच्या पहिल्याच वर्षी प्रत्येक धड्यात त्याच सूचनेची लिखित ओळ शेजारी छापलेली असावी, मुलाला ती लिहायला लावू नये, फक्त वाचायला द्यावी; आणि परीक्षेत ‘कोणता ठोकळा कोणत्या रंगाचा’ असले प्रश्न विचारण्याऐवजी एक छोटी मांडणी देऊन ‘खेळाडूने नाण्याला दोनदा स्पर्श केला तर गुण किती होतील’ असे विचारावे. शिक्षकांनाही प्रशिक्षणात स्वतःचा एक गेम दोन्ही पद्धतींनी पूर्ण करायला लावावा. ज्याने डेल्टाची चूक स्वतः केलेली नाही त्याला ती मुलाच्या पडद्यावर ओळखता येत नाही.

पालकांनी खासगी वर्गाला फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचारून घ्याव्यात असे मी सुचवते: शेवटी मुलगा किंवा मुलगी कोणाच्याही मदतीशिवाय एखादा छोटा लिखित कोड वाचून दाखवू शकेल का, आणि बनवलेल्या गेममध्ये एखादा नियम आमच्यासमोर बदलून दाखवू शकेल का. दुसरा प्रश्न मला पहिल्याहूनही मोलाचा वाटतो, कारण तयार नमुन्यावर नाव बदलून दिलेला गेम तिथे लगेच उघडा पडतो.

आपल्या पुरवणीला एक विनंती करून थांबते. बोरे आणि माकडांचा तो छोटा गेम मी ठोकळ्यांत आणि जीडीस्क्रिप्टमध्ये, मराठी टिपांसह, शेजारी-शेजारी मांडून ठेवला आहे. चार आठवडे अर्धा-अर्धा स्तंभ दिल्यास पहिल्या आठवड्यात पात्र हलवणे, दुसऱ्यात स्पर्श आणि गुण, तिसऱ्यात माकडांसाठी एकच फंक्शन, आणि चौथ्यात दोन संगणकांवरच्या वेगाचा प्रश्न असे ते छापता येईल. मजकूर आणि चित्रे मी विनामूल्य पाठवीन. ज्या शाळांत इंटरनेट नाही तिथल्या शिक्षकांना तो कापून फळ्याशेजारी लावता येईल.

आपली नम्र,
एक संगणक शिक्षिका, जिल्हा सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)